दाराजवळची पेटी

बाळाची काचेची पेटी जागेवर नव्हती. काल सिस्टरच्या टेबलाला लागून होती, आज पार दाराशी.

मंजुश्री टेबलाजवळच्या रिकाम्या जागेपाशी थबकली. भावाला नवससायासांनी, दिवस भरायच्या आधीच झालेलं लेकरू, मूठभर जीव. वहिनी अजून उदगीरच्या दवाखान्यात, भाऊ तिच्यापाशी. नांदेडच्या या मोठ्या दवाखान्यात लेकरापाशी ही एकटी आत्या. खोलीभर निळा उजेड होता. त्यात काचेच्या पेट्या संथ पाण्यात सोडलेल्या होड्यांसारख्या वाटत. आई गेल्यापासून तिला सगळंच असं पाण्याखालून दिसायचं.

लातूरच्या दवाखान्यात आईची खाट आधी दाराजवळच्या भिंतीकडे होती, मग मधे आली, मग थेट टेबलाशी. आईला जवळ घ्या म्हणून प्रत्येक वेळी मंजुश्रीनं विनवण्या केल्या होत्या. "आता घोर नको," तिनं भावाला फोनवर सांगितलं होतं, "आई सिस्टरच्या डोळ्यांसमोर आहे." तरीही आई गेलीच.

इथंही ती गप्प बसणार नव्हती.

"सिस्टर, आमचं लेकरू लांब का ढकललं? आमची ओळखपाळख नाही म्हणून?"

बिलकीस सिस्टर एका पेटीत हात घालून इवल्याशा छातीवर बोटं फिरवत होती. तिनं मान वर केली नाही.

"हळू बोला ताई, लेकरं दचकतात. येवढ्या लेकरांला आमी दोघीच. पळून पळून कुठं पुरणार? ज्याचा दम अडकून राहिला, ते टेबलापाशी, हात पोचंल असं. सुधरलं की दाराकडं. दारापासलं लेकरू घरी जातंय."

मंजुश्री दाराशी आली. बाळ जांभई देत होतं. नळी नव्हती. ते आपलं आपण श्वास घेत होतं. तिनं काचेवर तळवा टेकला. तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि हसूही थांबेना.

मग तळवा तसाच राहिला.

"सिस्टर, मोठ्या माणसांच्या वॉर्डातही असंच असतं?"

"हाव. मानसं कुठं पुरी हाईत?" बिलकीसनं आता तिच्याकडं पाहिलं, हसली. "रडता काय आत्याबाई? पेढे आणा की!"

पेढे.

आईची खाट टेबलाशी आली, त्या संध्याकाळी तिनं साऱ्या वॉर्डाला वाटले होते. आईनं दाराकडं एकदा पाहिलं होतं, आणि लेकीचं मन राखायला एक कण जिभेवर ठेवून घेतला होता.