आधी कळवल्याप्रमाणे

मिसेस एन्टविसलनी पिशवीतून आधी चष्मा काढला, मग पत्र आणि मग एक जाडजूड शब्दकोश. कोशात खुणेला लोकरीचा धागा घातलेला होता. तिन्ही वस्तू त्यांनी नगरपालिकेची भाड्याची घरं सांभाळणाऱ्या घरखात्याच्या खिडकीत, ब्रेंडा हॉइलच्या पुढ्यात मांडल्या.

"हे पत्र तूच टाइप केलंस ना, पोरी? खाली बी. एच. आहे."

"हो, मीच. काही चुकलंय का?"

"छे गं, चुकलं आमचंच. ह्या एका शब्दाशी आम्ही अडलो. म्हणून शेजारच्या मास्तरांकडून हा ठोकळा मागून आणला." त्यांनी धाग्याजवळ बोट टेकवलं. "रीइटरेट. म्हणजे एकदा सांगितलेलं परत सांगणं. म्हणजे झोपायच्या खोलीतली ओल ह्या वर्षी काढता येणार नाही, हे तुम्ही आम्हाला आधीच कळवलं होतंत. आणि ते पत्र आम्ही हरवलं."

ब्रेंडाला खरं माहीत होतं. आधीचं पत्र नव्हतंच. बाईंची फेब्रुवारीतली आणि मे महिन्यातली अशी दोन पत्रं तिच्या साहेबांच्या, मिस्टर पिलिंगांच्या, टेबलावर ढिगाखाली पडून होती. गेल्या आठवड्यात ती वर आली, तेव्हा साहेब म्हणाले होते, "आय रीइटरेट घाल सुरुवातीला. म्हणजे आपण इतके दिवस गप्प होतो हे कुणाच्या ध्यानात येत नाही." खरं तर त्यांनी ते सांगायचीही गरज नव्हती. उशीर झालेल्या पत्रात तो शब्द ब्रेंडाच्या हातून आपोआपच पडायचा.

"टपाल हॅरल्डच उचलतो," मिसेस एन्टविसल सांगत होत्या. "मी त्याला फार बोलले गं. साखरेच्या डब्यापासून कोळशाच्या कोठीपर्यंत सगळं उपसायला लावलं. बावन्न वर्षांच्या संसारात इतकं कधी बोलले नव्हते. आठवडा झाला, तोंडातून शब्द काढत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "त्या पहिल्या पत्राची नक्कल मिळेल का? त्यात काय होतं ते तरी कळेल."

"बघते," असं म्हणून ब्रेंडा आत गेली.

मिस्टर पिलिंग चहात बिस्किट बुडवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मग टाइप करून दे की एक. मार्चची तारीख घाल. दोन ओळींचं तर काम."

ब्रेंडानं यंत्रात कागद घातला. चौदा मार्च, एवढं उमटलं. काचेपलीकडे म्हातारी खिडकीशी तशीच उभी होती. कुणाला अडचण नको म्हणून तिनं आपला ठोकळा एका कडेला सारून ठेवला होता. ब्रेंडाची बोटं पुढे चालेनात. तिनं कागद ओढून काढला आणि ती बाहेर आली.

"मिसेस एन्टविसल, नक्कल नाही. पहिलं पत्र आम्ही पाठवलंच नव्हतं. तुमची दोन्ही पत्रं इथे नुसती पडून होती."

"मग परत सांगतो असं कशाला लिहिलंस?"

"तशी पद्धत आहे," ब्रेंडा म्हणाली. आपलाच आवाज ऐकून तिला कसंसंच झालं. "नाही. पद्धत वगैरे काही नाही. खोटं आहे हे मला माहीत होतं, तरी लिहिलं."

बाई चिडतील, आरडाओरडा करतील असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं. पण त्यांनी सावकाश चष्मा काढला आणि पत्राची घडी घातली.

"मला नको सांगूस. तो तिथे बसलाय, त्याला सांग."

दाराजवळच्या बाकावर गुडघ्यावर टोपी ठेवून एक किडकिडीत म्हातारा बसला होता. ब्रेंडा खिडकीमागून बाहेर आली. खोलीत सात-आठ माणसं होती. ती त्याच्यापाशी वाकली आणि हलक्या आवाजात बोलली.

त्यानं कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल, बाई. गिरणीत कान गेले माझे."

ती जरा मोठ्यानं बोलली. रांगेतली कुजबुज थांबली.

"कुणी हरवलं म्हणतेस?"

"कुणीच नाही!" ब्रेंडा ओरडली. "तुम्ही काही हरवलं नाहीत, मिस्टर एन्टविसल! पत्र आलंच नव्हतं! मी खोटं लिहिलं!"

आतल्या दारात मिस्टर पिलिंग हातात कप घेऊन उभे होते. ब्रेंडानं तिकडे पाहिलं नाही.

 म्हाताऱ्यानं बायकोकडे पाहिलं. मिसेस एन्टविसल शब्दकोश छातीशी धरून उभ्या होत्या.

"माझंच चुकलं, हॅरल्ड," त्या म्हणाल्या.

"चल. बस जाईल," तो म्हणाला. आठवड्याभरात त्यांच्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य असावं, कारण बाईंचे डोळे एकदम भरून आले.

उठता उठता त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि ब्रेंडाच्या हातात दिला. "हा तेवढा टोपलीत टाक, पोरी. आता नको."

ती दोघं रस्ता ओलांडून बसथांब्यापाशी पोचेपर्यंत ब्रेंडा दारातच उभी राहिली. मग तिनं घडी उलगडली. शाळेतल्या मुलानं गिरवावी तशी मोठी, पेन्सिलीची अक्षरं होती.

आज बुधवार. बायको विनिफ्रेड. मुलगी जोन, प्रेस्टनला असते. घर नंबर एकोणीस. गॅस बंद केला.

आणि अगदी खाली, कागदाला भोक पडेल इतक्या जोरानं गिरवलेली एक ओळ होती. पत्र आलं होतं. मी विसरलो.