पुकारणारे यंत्र

पोलादपूरच्या डोंगराआडून येणारा सकाळचा प्रकाश आधी दवाखान्याच्या पायरीवर थांबतो, मग बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांवरून सावकाश सरकत माझ्या संगणकापाशी येतो.

भिंतीवरचे नवे यंत्र रुग्णांचे क्रमांक पुकारी. लोक त्याच्याकडे पाहतही नसत. दारात चपलांची रांग लावून नंबर धरत. असेच चालले तर महिनाअखेर यंत्र परत जाणार होते, आणि त्याच्याबरोबर ते चालवण्याची माझी नोकरीही.

सोमवारी यंत्र म्हणाले, "चांगूकाका, या. गुडघा कसा हाय?"

काका हसत उठले. "मशीन शानी झाली गो, शकू!"

"आता मला हाक मार रे!" शकूआत्या यंत्राला म्हणाली. त्याने मारली. पुढच्या बायकांनी चपला रांगेत लावल्याच नाहीत.

उज्ज्वला सिस्टर माझ्याकडे वळल्या. "कधी रेकॉर्ड केलंस रे? एरवी तर तोंड उघडत नाहीस."

"मी नाही," असे म्हणून मी यंत्राची विजेची वायर काढली.

काढलेली वायर हातात धरून मी ओठ घट्ट मिटून उभा होतो, आणि यंत्र तरीही बाकावरच्या सेजलला तिच्या तापलेल्या बाळासह मायेने आत बोलावत होते.

तो आवाज माझाच होता.