चहाचा बॉन

मॉरीन खलात चहाची पत्ती कुटत होती, तेवढ्यात तिची थोरली नणंद लीबी दार न वाजवताच स्वयंपाकघरात शिरली. हातात टोपली, टोपलीत पांढऱ्या फडक्याखाली बॉन. बॉन म्हणजे नवरी चर्चमधून परतली की उंबरठ्यावर तिच्या डोक्यात फोडायची ताटलीएवढी, खुसखुशीत बिस्किटासारखी शॉर्टब्रेड. तिचे तुकडे अंगणात उडाल्याशिवाय लग्न लागलं, असं लीबी तरी मानत नव्हती.

तिने खलात डोकावलं. "हे काय कुटतेयस?"

"चहा, वन्सं. बॉनमध्ये घालायला."

लीबीला आधी थट्टा वाटली. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. बॉनमध्ये शहाजिरं घालतात, आईने घातलं, आजीने घातलं. चहाची जागा कपात. आणि बोटीतून उतरलेल्या बायकांना शेटलंड बेटांवरचं कळणार तरी काय! सावत्र लेक ओस्लाचे दुधाचे दात पडत होते तेव्हा मॉरीन ग्लासगोहून या घरात नांदायला आली. आज ओस्लाचं लग्न होतं, तरी लीबीच्या लेखी मॉरीन अजून बोटीतून उतरतच होती.

मॉरीनने सगळं ऐकून घेतलं, पण हात थांबवला नाही. पत्ती पिठासारखी व्हायला हवी, नाहीतर दाताखाली कचकचते. ती तिने साखरेत मिसळली, थंड लोण्याचे तुकडे टाकले, मैदा बोटांच्या टोकांनी चोळला आणि गोळा होतो न होतो तोच हात काढून घेतले. जास्त मळलं तर बॉन चिवट होतो, मग तो फुटत नाही, नवरीलाच टेंगूळ येतं. या कामात तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने गोळा थापला, काट्याने टोचे मारले आणि मंद ओव्हनमध्ये सारला. चहाच का, तर ओस्ला शहाजिरं पहिल्यापासून थुंकून टाकायची आणि चहा मात्र किटलीच्या किटली रिचवायची. आत्याला हे ठाऊक नव्हतं, कारण आत्याने कधी विचारलंच नव्हतं.

पण लीबीचं खरं दुखणं चहाचं नव्हतंच. बॉन फोडायचा मान नवरीच्या आईचा. आई नसेल तर आत्याचा. सावत्र आईचं काय, हे कुणी ठरवून ठेवलं नव्हतं.

"दारात मी उभी राहणार आहे," लीबी म्हणाली. "माहीत आहे ना?"

मॉरीनला तो मान हवा होता. खोटं कशाला बोला, जीव तुटेस्तोवर हवा होता. पण ती मागणाऱ्यातली नव्हती.

"तुमचाही बॉन ठेवा वन्सं, माझाही राहू दे," ती ओव्हनचं दार लावत म्हणाली. "डोकं ओस्लाचं आहे. ती सांगेल."

लीबीने आपल्या टोपलीवरचं फडकं घट्ट खोचलं.

दुपारी पुढे फिडलवाले आणि मागे वऱ्हाड, अशी वरात वाऱ्याला डोकं देत चढण चढून आली. लीबी आपला बॉन घेऊन दारात खांबासारखी उभी. मॉरीन मागे, बोळात, कोट टांगायच्या खुंट्यांपाशी. नवरीचा बाप गिबी बहीण आणि बायको दोघींच्या हातांत बॉन बघून चपापला आणि खाली वाकून उगाचच बुटाची नाडी बांधू लागला.

ओस्ला पायरीशी थांबली. "आत्या, यात शहाजिरं आहे?"

"असणारच. चांगलं मूठभर आहे."

ओस्लाने आत्याच्या गालाचा मुका घेतला. "मग तो चहाबरोबर खाऊ. आठवडाभर केसांतून शहाजिरं वेचत बसायची माझी तयारी नाही. मॉरीन कुठाय?"

लीबी बाजूला झाली. चेहरा पडला होता, पण झाली.

मॉरीन पुढे आली. ओस्लाने डोक्यावरची जाळी मागे सारली आणि मान खाली घातली. आणि सकाळपासून इतकी ठाम असलेली बाई नेमकी इथे गळाठली. बॉन नवरीच्या केसांना टेकला न टेकला. फुटणार कुठून? मागे कुणीतरी खिदळलं, चहाने दगड झाला वाटतं म्हणालं. दोष बॉनचा नव्हता, हाताचा होता, हे मॉरीनला पुरतं कळत होतं.

"जोरात मार ना, मॉरीन," ओस्ला खाली बघतच म्हणाली. "मार खाण्यासारखी किती वागले मी, पण इतक्या वर्षांत तू मला एक चापट दिली नाहीस. आज तरी दे."

मॉरीनचा हात तसाच राहिला. सावत्र आईने पोरीवर हात उगारला असं कुणी म्हणू नये, म्हणून तिने तो वर्षानुवर्षं आवरून धरला होता. आणि आता तर सगळं गावच बघत होतं.

शेवटी लीबीच खेकसली. "अगं, हाण की! स्वतःच्या लेकीला एक द्यायला लोकांना काय भ्यायचं?"

मॉरीनने डोळेसुद्धा पुसले नाहीत. हात उंच नेला आणि लेकीच्या डोक्यात सणसणीत बॉन हाणला.