धरलेली जागा

हात धुऊन मालिनीबाई परतल्या, तर त्यांच्या खुर्चीवर नवऱ्यानं रुमाल टाकलेला.

“बाई, इथं नका बसू. जागा धरलीय. माझी बायको येतेय.”

लग्न झाल्यापासून याच मिसळवाल्याकडे, रविवारच्या झुंबडीत, ते असाच रुमाल टाकून बाईंसाठी खुर्ची अडवत आले होते. हल्ली ते घरातही बाईंना ओळखेनासे झाले होते. इथल्या रश्श्याच्या वासानं तरी काही आठवेल, या वेड्या आशेनं बाई त्यांना हाताला धरून घेऊन आल्या होत्या.

“अहो, मीच ती! नीट बघा ना माझ्याकडे!” बाईंचा आवाज चिरकला. शेजारच्या टेबलावरचे घास हातातच राहिले.

नवऱ्याचं लक्षच नव्हतं. ते वेटरला सांगत होते, “एका प्लेटीत तर्री कमी घाल हं. तिला तिखट सोसत नाही.”

बाईंना हुंदका आवरेना. खुर्चीची पाठ घट्ट धरून त्या म्हणाल्या, “ती येईपर्यंत तरी बसू का?”

ते दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी रुमाल उचलला, पण खिशात न घालता हातातच ठेवला.

“बसा. पण ती आली की उठायचं हं.”