चुलीपर्यंतची ओवी

दिवस कलला तशी रतनगडाची सावली प्रवरेकाठच्या तंबूंवर उतरली. चार वर्षांची मनवा पाण्याशी बसून खडे वेचत होती. तंबूवाल्यांचा स्वयंपाक करणारी रंगुबाई चहा घेऊन आली आणि एकाएकी खड्या आवाजात जात्यावरची ओवी गाऊ लागली.

मनवाची आई प्रणिता हसली. "काय मावशी, आज गाणं?"

"ताई, लेकीला खांद्यावर घ्या. खाली बसलेलं मानूस बिबट्याला शेरडावानी दिसतं. पळू नका, मागं बघू नका. माझ्यासंगं मोठ्यानं गा."

प्रणितानं मनवाला उचलून खांद्यावर घेतलं. गात गात, एकेक पाऊल टाकत दोघी चुलीकडे निघाल्या. अर्ध्या वाटेत धाप लागून क्षणभर गप्प झाल्या.

खांद्यावरून मनवा मागं वळून म्हणाली, "आई, गा ना! तुम्ही थांबलात की ते मोठं मांजर पुढं येतं."