पुसलेला मेल

वासंती डहाके एका औषध कारखान्यात केमिस्ट होती. मुलांच्या खोकल्याच्या औषधात भेसळ होते, हे तिनं साप्ताहिकाचे संपादक बोबडे यांना मेलवर कळवलं. नाव फुटू नये म्हणून त्यांनी मेल वाचून लगेच पुसला. तरी चौथ्या दिवशी तिला कामावरून काढलं.

ती तडक बोबड्यांकडे गेली. "सर, माझं नाव तुम्ही सांगितलंत?"

"नाही हो," बोबड्यांचा चेहरा उतरला. "हा लॅपटॉप पडद्यावर दिसलेलं सगळं लक्षात ठेवतो, पुसलेलंसुद्धा. भेसळीबद्दल मी कारखान्याला विचारलं होतं, म्हणून परवा त्यांचा माणूस जाहिरात घेऊन आला होता. मी चहा सांगायला बाहेर गेलो, तेवढ्यात त्यानं लॅपटॉपला विचारलं, भेसळीचं कोणी कळवलं? यानं तुमचं नाव सांगितलं. त्याचा तो प्रश्नही यात साठलाय, म्हणून मला कळलं."

वासंती म्हणाली, "एक कागद द्या. औषध निरीक्षकांकडे तक्रार करते."

"नावानिशी?"

"ज्यांच्यापासून लपवायचं होतं, त्यांना कळलंच आहे. आणि ते औषध अजून दुकानांत विकलं जातंय, सर."

बोबड्यांनी लॅपटॉप मिटला आणि कागद पुढे केला.