एकेक करून

“अमर्याद म्हणजे अमर्याद, बाई! कितीही लेकरं येऊ द्या,” वेबसाइटसाठी सर्व्हरवरची जागा, म्हणजे होस्टिंग, विकायला आलेल्या बसवेशनं लॅपटॉप पुढं सरकवला. शरणम्माबाईंच्या या जुन्या विद्यार्थ्यानं त्यांची ऑनलाइन शाळा चाचणीसाठी आपल्या सर्व्हरवर चढवली होती. जळकोटहून आईबापामागं ऊसतोडीला गेलेल्या लेकरांची ती शाळा. संध्याकाळी बापाचा फोन हाती असेपर्यंतच भरायची. बाईंनी पितळी घंटा वाजवून तिचा आवाज शाळेच्या ग्रुपवर पाठवला. सगळी लेकरं धावली आणि पडद्यावरची शाळाच आडवी झाली. “एवढी एकदम आल्यावर कसं व्हायचं?” बसवेश ओशाळून हसला. “एकेक करून येऊ द्या की!” जन्मात लेकरांवर आवाज न चढवलेल्या बाई कडाडल्या, “एकेक? तोवर फोन बापाच्या खिशात जातो! शेवटच्या लेकरानं शिकायचंच न्हाय व्हय?” त्यांनी लॅपटॉप खाडकन मिटला. “घंटा झाली की लेकरं एकदमच येतात, बसवेश. तूच तेवढा उशिरा यायचास!”